खान्देशातील फुटबॉल संघटनांना खुले पत्र : शेवटच्या फेरीपर्यंत चुरस टिकेल अशी साखळी भरवा

प्रति,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील फुटबॉल संघटनांचे पदाधिकारी, स्पर्धांचे आयोजक आणि संघचालक यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपल्याकडच्या फुटबॉलला प्रेक्षक का टिकत नाही असा विषय निघाला की क्रिकेट, मोबाइल आणि ऊन या तिघांच्या माथी दोष मारून आपण सगळेच मोकळे होतो. तिघांचाही त्यात वाटा आहे, हे मी नाकारत नाही. पण याच क्रिकेटच्या आणि याच मोबाइलच्या काळात कोल्हापूरचे शाहू स्टेडियम स्थानिक तालमींच्या फुटबॉल संघांच्या सामन्यांना भरते, आणि पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतानाही आपल्याच यात्रांमधल्या कुस्त्यांच्या फडाभोवती माणसे कडे करून उभी राहतात. तेव्हा प्रेक्षकाला घरी बसवणारे एक कारण आपल्या स्पर्धांच्या रचनेतच दडलेले आहे का, हे आपण एकदा शांतपणे तपासावे अशी माझी विनंती आहे.

माझे म्हणणे एवढेच की, ज्या स्पर्धेचा विजेता पहिल्याच दिवशी ठाऊक असतो आणि एकदा हरलेल्या संघाला दुसऱ्या दिवशी कामच उरत नाही, त्या स्पर्धेसाठी कोणी आपली संध्याकाळ मोडणार नाही. मात्र निकाल कसाही लागो, तो अनपेक्षित असला म्हणजे झाले, हेही खरे नाही. प्रेक्षकाला सोडतीचा थरार नको असतो. आपला संघ जिंकू शकतो पण जिंकेलच असे नाही, आणि जिंकला किंवा हरला तर त्यातून पुढे काही घडणार आहे, एवढी खात्री त्याला हवी असते. या दोन गोष्टींमधला फरक स्पर्धा भरवणाऱ्यांनी ओळखावा, म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहे.

आपल्या नेहमीच्या पद्धतीपासून सुरुवात करतो. चार-पाच दिवसांची, बाद पद्धतीची स्पर्धा असते. सोळा संघ असतात, त्यांपैकी आठ पहिल्याच दिवशी घरी जातात. सामना वीस-वीस मिनिटांचा आणि बरोबरी झाली की थेट पेनल्टी. पहिल्या बक्षिसाची रक्कम डोळ्यांत भरण्याजोगी, दुसऱ्याची निम्मी आणि तिसऱ्याला चषक व टाळ्या. एवढी रक्कम एकाच संघाला मिळणार असल्यामुळे ज्याच्या पाठीशी पैसा आहे तो संघ त्या चार दिवसांपुरते बाहेरगावचे सहा-सात खेळाडू आणतो. अमळनेरच्या बाजूला अशाच एका स्पर्धेचा अंतिम सामना पाहण्याचा योग आला होता. पाहुण्या खेळाडूंनी भरलेल्या संघाने मध्यंतराच्या आत चार गोल केले. ध्वनिक्षेपकावरचे निवेदक ‘सामना अजून संपलेला नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगत होते, पण कुंपणाला टेकवलेल्या मोटरसायकली एकामागून एक निघू लागल्या होत्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी मुलाच्या हाताला धरले आणि म्हणाले, ‘आते काय देखानं ऱ्हायनं भो, चाल घर.’ बक्षीस समारंभाला मंचावर जेवढी माणसे होती, समोर त्याहून फार जास्त नव्हती. मला खटकले ते हे की, हरलेल्या संघात त्याच तालुक्याची पोरे होती, ती उपांत्य फेरी जिद्दीने जिंकून तिथवर आली होती, आणि त्यांना पाहायलाच गर्दी जमली होती.

या प्रश्नाचा विचार जगात बराच आधी झालेला आहे. सायमन रॉटनबर्ग या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९५६ साली बेसबॉलच्या खेळाडूंच्या बाजारपेठेवर लिहिताना असे मांडले की, संघांचे बळ साधारण सारखे असेल आणि निकाल अनिश्चित असेल तरच प्रेक्षक पैसे मोजून येतो. १९६४ साली वॉल्टर नील यांनी त्यात भर घातली ती मुष्टियुद्धाची. जो लुई हा श्रेष्ठ मुष्टियोद्धा होता, पण त्याची कमाई समोर मॅक्स श्मेलिंगसारखा तोडीचा प्रतिस्पर्धी उभा असण्यावर अवलंबून होती. १९३६ साली श्मेलिंगने लुईला हरवले होते, म्हणून तर १९३८ च्या परतीच्या लढतीकडे जगाचे लक्ष लागले. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी बुडाला तर आपला फायदा होतो. खेळात मात्र प्रतिस्पर्धी बुडाला की त्याच्यापाठोपाठ आपलाही गल्ला रिकामा होतो.

हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायची खरे तर गरज नसावी. यात्रेच्या फडात जोड लावणारी जाणती मंडळी दोन्ही पैलवानांचे वजन, वय आणि आजवरच्या कुस्त्या पाहूनच जोड लावतात. नावाजलेल्या पैलवानासमोर कोवळे पोर उभे केले तर फडातूनच ओरड होते, आणि दोघे आतून ठरवून लढत आहेत असा नुसता संशय आला तरी लोक ‘नुरा कुस्ती’ म्हणून उठून जातात. फुटबॉलच्या साखळीत प्रत्येकाला प्रत्येकाशी खेळावे लागते, त्यामुळे आयोजकाला प्रत्येक सामन्याची जोड स्वतः लावता येत नाही. त्याला ती नियमांतून लावावी लागते, आणि आपण कमी पडतो ते नेमके तिथेच.

आता यावर हरकत येईल, आणि ती रास्त आहे. जर्मनीच्या बुंडेसलिगामध्ये बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा विजेतेपदे मिळवली. रॉटनबर्ग यांचे म्हणणे शब्दशः खरे असते तर तिथली मैदाने ओस पडायला हवी होती. प्रत्यक्षात, करोनाचा काळ सोडला तर, त्या सगळ्या वर्षांत तिथल्या सामन्यांना सरासरी चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षक येत राहिले. स्कॉटलंडमध्ये १९८५ साली अलेक्स फर्ग्युसन यांच्या अॅबर्डीनने विजेतेपद मिळवले, त्यानंतरची चाळीस वर्षे ते सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोनच संघांत फिरत राहिले. तरीही सेल्टिकचे मैदान साठ हजारांच्या घरात भरते. आपल्याकडे केरळ ब्लास्टर्सचे उदाहरण आहे. २०१४, २०१६ आणि २०२१-२२ अशा तीन हंगामांत हा संघ आयएसएलच्या, म्हणजे इंडियन सुपर लीगच्या, अंतिम सामन्यात हरला. पण कोचीच्या मैदानावरचा पिवळा समुदाय त्या पराभवांनी पांगला नाही.

उलट बाजूचे उदाहरण तर अधिकच बोचरे आहे. आय-लीग या राष्ट्रीय साखळीत २०१४-१५ ते २०२०-२१ या सात हंगामांत मोहन बागान, बंगळुरू, ऐझॉल, मिनर्व्हा पंजाब, चेन्नई सिटी आणि गोकुलम केरळ असे सहा वेगवेगळे विजेते झाले. २०२०-२१ च्या हंगामात शेवटच्या दिवशी सकाळी गोकुलम, चर्चिल ब्रदर्स आणि मणिपूरचा ट्राऊ हे तीन संघ प्रत्येकी २६ गुणांवर होते. याहून अनिश्चित साखळी कुठे शोधायची? पण त्या दिवशी देशात किती जणांना त्या सामन्यांची खबर होती, हे आपण आपल्या मित्रमंडळींत विचारून पाहावे.

मग चूक कोणाची म्हणायची, अर्थतज्ज्ञांची की प्रेक्षकांची? माझ्या मते कोणाचीच नाही. ‘अनिश्चितता’ म्हणताना आपण अनेक गोष्टी एकाच पोत्यात भरतो, एवढाच घोटाळा आहे. एका सामन्याची अनिश्चितता वेगळी, हंगामाच्या शेवटी गुणतक्ता कसा दिसेल याची अनिश्चितता वेगळी, आणि पाच-दहा वर्षांत कोणालातरी वर येता येईल की नाही ही तिसरीच गोष्ट. सामन्यापुरते बोलायचे तर फुटबॉल मुळातच अनिश्चित खेळ आहे. सामन्यात सरासरी तीनपेक्षा कमी गोल होतात, साधारण चौथा हिस्सा सामने बरोबरीत सुटतात, आणि एखादी चूक किंवा एखादी पेनल्टी बलाढ्य संघालाही घरी पाठवू शकते. त्यासाठी आयोजकांनी वेगळे काही करावे लागत नाही. शिवाय मैदानावर येणाऱ्या माणसाला प्रत्येक सामना अटीतटीचाच हवा असतो असेही दिसत नाही. इंग्लंडमधल्या प्रेक्षकसंख्येवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत, पण त्यांपैकी काहींतून असे निघाले की, यजमान संघ जिंकण्याची दाट शक्यता असलेल्या सामन्याला, किंवा दुबळ्या यजमानांसमोर एखादा बडा संघ उभा असलेल्या सामन्याला लोक अधिक येतात. अगदी समसमान लढतीचे आकर्षण त्यांना आपण समजतो तितके नसते. हे मानवी स्वभावाला धरूनच आहे. आपला संघ हरल्याचे दुःख जिंकल्याच्या आनंदापेक्षा जड असते.

जर्मन मैदाने भरण्याची कारणे यात सापडतात. तिथे क्लबचे बहुमत सभासदांच्या हाती राहावे असा नियम आहे, उभे राहून सामना पाहण्याची स्वस्त तिकिटे आहेत, आणि विजेता ठरलेला असला तरी युरोपातल्या स्पर्धांच्या जागा कोणाला मिळणार आणि खालच्या श्रेणीत कोण घसरणार, या लढाया शेवटच्या शनिवारपर्यंत चालतात. म्हणजे वरचे एक दार बंद असले तरी बाकीची दारे उघडी असतात. आणि वरचे दार जेव्हा किलकिले होते तेव्हा काय होते तेही पाहा. २०२२-२३ च्या शेवटच्या दिवशी डॉर्टमुंड दोन गुणांनी पुढे होता. घरच्या मैदानावर माइन्झला हरवायचे की काम झाले. तो सामना २-२ असा बरोबरीत सुटला, तिकडे कोलोनमध्ये जमाल मुसियालाने ८९व्या मिनिटाला गोल करून बायर्नला जिंकून दिले, आणि गुण सारखे होऊन गोलफरकावर विजेतेपद पुन्हा बायर्नकडे गेले. पुढच्याच हंगामात बायर लेव्हरकुसेनने झाबी अलोन्सोच्या मार्गदर्शनाखाली पहिल्यांदाच ही साखळी जिंकली, तीही ३४ सामन्यांत एकदाही न हरता. गंमत अशी की, विजेतेपद पाच फेऱ्या शिल्लक असतानाच निश्चित झाले होते. म्हणजे कागदोपत्री चुरस संपली होती. पण हा संघ अपराजित राहतो का, या नव्या प्रश्नाने उरलेल्या सामन्यांचा दम टिकवला.

आणि आय-लीग? तिथे निकाल अनिश्चित होता, पण त्या निकालातून पुढे काही निघत नव्हते. ऐझॉलची हकिकत आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल, तरी ती मी मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्याला फार लागू पडते. २०१५-१६ च्या हंगामाअखेर हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. गोव्याचे क्लब साखळीतून बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. खालिद जमील प्रशिक्षक म्हणून आले, तुटपुंज्या पैशांत बहुतांशी मिझो मुलांचा संघ उभा राहिला, आणि त्याने घरच्या मैदानावर मोहन बागानला १-० असे हरवले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून एका गुणाच्या फरकाने ऐझॉल राष्ट्रीय विजेता झाला. २०११ च्या जनगणनेनुसार मिझोरमची लोकसंख्या अकरा लाखांच्या आत होती. आपल्या एकट्या नंदुरबार जिल्ह्याची त्याच जनगणनेत सोळा लाखांवर होती. म्हणजे आपल्या सर्वांत लहान जिल्ह्याहूनही लहान राज्याने देश जिंकला. लेस्टर सिटीने २०१६ साली इंग्लंडमध्ये केलेल्या पराक्रमाचे पोवाडे आपण गातो, सट्टेबाजांचा एकास पाच हजार हा भाव सर्वांना पाठ असतो. पण ऐझॉलचे नाव आपल्या पोरांना ठाऊक नसते, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

तर, एवढे करून ऐझॉलला मिळाले काय? पुढच्या हंगामापासून आयएसएल आणि आय-लीग एकाच वेळी खेळवल्या गेल्या, पैसा आणि प्रक्षेपण पहिलीकडे गेले, आणि आय-लीग जिंकणाऱ्याला वर जाण्याचा मार्गच नव्हता. तो मार्ग २०२२-२३ च्या विजेत्या पंजाबच्या संघाला पहिल्यांदा मिळाला. मधल्या वर्षांत कोण जिंकणार हे कोणालाच सांगता येत नव्हते, पण जिंकून काय होणार हे सगळ्यांना माहीत होते: काहीच नाही. आयएसएलमध्ये उलटा दोष होता. २०१४ साली ती सुरू झाली, आणि पहिल्या दहा वर्षांत कामगिरी वाईट झाली म्हणून एकही संघ खाली घसरला नाही. तळाशी असलेल्या संघाचे हंगामाच्या उत्तरार्धातले सामने मग कोणासाठी खेळवायचे? इंग्लंडमध्ये १५ मे २००५ या एका दिवशी तळाच्या चार संघांपैकी तिघे घसरणार होते आणि एकच वाचणार होता. नाताळात सर्वांत खाली असलेला वेस्ट ब्रॉमविच अल्बियन त्या दिवशी वाचला, आणि त्याच्या पाठीराख्यांनी विजेतेपद मिळाल्यासारखे मैदान डोक्यावर घेतले. तळाची लढाई ही अशी असते. घसरण्याची भीती काढून टाकली की ती लढाईही जाते. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी एप्रिल २०२१ मध्ये संस्थापकांना कधीच न घसरवणारी ‘सुपर लीग’ जाहीर केली, तेव्हा इंग्लंडमध्ये सर्वांत आधी रस्त्यावर उतरले ते त्याच क्लबांचे चाहते. दोन दिवसांत इंग्रज क्लबांनी अंग काढून घेतले. आपला संघ कायम वरच राहील ही हमी त्यांना हातात दिली होती, आणि त्यांनी ती नाकारली. संघटना चालवणाऱ्यांनी यावर थोडे थांबून विचार करावा.

आता आपल्याकडे येतो. तीन जिल्ह्यांनी मिळून एक साखळी स्पर्धा सुरू करावी, अशी माझी सूचना आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. त्यांची मजा वेगळी आहे. परंतु चार दिवसांत संपणाऱ्या स्पर्धेभोवती पाठीराखा तयार होत नाही, कारण त्याला पुढच्या रविवारची वाट पाहायला काही उरतच नाही. यजमान आणि पाहुणे असे दोन फेऱ्यांचे सामने परवडणार नाहीत, ही शंका मी ऐकलेली आहे. पण भुसावळ, जळगाव, धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर ही सगळी गावे एकाच लोहमार्गाला बांधलेली आहेत. भुसावळचा संघ सकाळच्या गाडीने नंदुरबारला जाऊन सामना खेळून रात्रीपर्यंत परतू शकेल असे वेळापत्रक आखणे अवघड नाही. धुळे आणि चाळीसगाव त्या मार्गावर नाहीत, त्यांच्यासाठी रस्ता आहे. बाहेरगावाहून संघ आला की गावाला ‘आपला’ संघ मिळतो, आणि कोल्हापुरात पेठेपेठेच्या तालमींनी जे साधले ते इथे गावागावांतून साधता येईल. यजमान संघाच्या विजयाची आस हीच मैदानाची पहिली गर्दी असते, हे वर सांगितलेच आहे.

साखळी दोन श्रेणींची असावी, वरच्या श्रेणीतले तळाचे दोन संघ खाली जावेत आणि खालचे दोन वर यावेत, मग तळाचा संघ कितीही वजनदार पुढाऱ्याचा असो. हे शेवटचे वाक्य मी विचारपूर्वक लिहिले आहे. वरच्या श्रेणीत पहिल्या क्रमांकाला थेट विजेतेपद द्यायचे की पहिल्या चारांत बाद फेरी खेळवायची, यावर मतभेद होऊ शकतात. इंग्लंडमध्ये १९८६-८७ पासून खालच्या श्रेणींत वर चढण्याच्या शेवटच्या जागेसाठी अशी बाद फेरी होते आणि तिच्यामुळे मधल्या संघांचा हंगाम लांबतो, हा तिचा फायदा. मात्र वर्षभर पहिला राहिलेला संघ एका संध्याकाळच्या पेनल्टीवर मागे पडावा हे मला पटत नाही. म्हणून विजेतेपद साखळीच्या गुणांवर, आणि बाद फेरी केवळ खालच्या श्रेणीतून वर येण्याच्या दुसऱ्या जागेसाठी, अशी तडजोड मला योग्य वाटते.

याला लागूनच सामन्याच्या कालावधीचा मुद्दा येतो. वीस-वीस मिनिटांचा सामना आणि थेट पेनल्टी यांमुळे निकाल अनपेक्षित लागतात, हे खरे. खड्ड्यात पडून भलतीकडे उसळलेल्या चेंडूमुळेही लागतात. पण त्यातून कोणाची सरशी सिद्ध होत नाही आणि प्रेक्षकाला ते कळते. दोन्ही संघ तोडीचे असल्यामुळे निकाल सांगता येत नाही, आणि मैदान व वेळ धड नसल्यामुळे निकाल सांगता येत नाही, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. साखळीतला सामना पूर्ण नव्वद मिनिटांचा हवा. आपल्या उन्हाचा विचार करता ही साखळी दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावी. एप्रिल-मे महिन्यांत नव्वद मिनिटे पोरांना पळवणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे.

पैशांचे वाटप हा सर्वांत नाजूक विषय आहे, आणि खरी गाठ तिथेच आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये देशांतर्गत प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला निम्मा हिस्सा सर्व क्लबांना सारखा मिळतो. उरलेल्यातला अर्धा क्रमांकानुसार आणि अर्धा सामने किती वेळा दाखवले गेले त्यानुसार वाटला जातो. तिथेही श्रीमंत आणि गरीब आहेतच, मँचेस्टर सिटीने २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवलीच. पण तळाच्या क्लबाला दरवर्षी पोटापुरता वाटा मिळतो म्हणून तो एखाद्या शनिवारी बड्याला घाम फोडू शकतो. आपल्याकडे प्रायोजकाकडून मिळालेली जवळजवळ सगळी रक्कम पहिल्या बक्षिसावर ओतली जाते. ती रक्कम निम्मी करावी आणि उरलेल्या पैशांतून प्रत्येक संघाला प्रवासखर्च, चेंडू आणि पंचांचे मानधन द्यावे. पहिले बक्षीस लहान झाले की चार दिवसांसाठी बाहेरचे खेळाडू आणण्याचा हव्यासही आपोआप कमी होईल. त्याशिवाय एका सामन्यात मैदानावर जिल्ह्याबाहेरचे दोनच खेळाडू असावेत, आणि त्यांची नोंदणी हंगामाच्या सुरुवातीलाच व्हावी. बाहेरचे खेळाडू नकोतच असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. चांगल्या खेळाडूला पाहायलाही लोक येतात, आणि त्याच्याशी भिडूनच आपली पोरे शिकतात.

शेवटच्या फेरीचे सामने एकाच वेळी सुरू करावेत, हा माझा आग्रह राहील. १९८२ च्या विश्वचषकात अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. आपल्याला किती गोलांचा निकाल पुरेल हे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना ठाऊक होते. खिहॉनमधल्या त्या सामन्यात जर्मनीने दहाव्या मिनिटाला गोल केला आणि उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडू इकडून तिकडे ढकलत काढला. दोघे पुढे गेले, अल्जीरिया घरी गेला, आणि १९८६ पासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवले जाऊ लागले. आपल्या साखळीत सगळ्यांचीच ओळखपाळख असते, नातीगोती असतात. शेवटच्या रविवारी कोणी कोणाला ‘सांभाळून घेतले’ अशी कुजबुज होऊ नये यासाठी भुसावळ, अमळनेर, धुळे आणि नंदुरबार अशा चारही मैदानांवर चार वाजताच शिटी वाजली पाहिजे. त्यात आणखी एक लाभ आहे. एका मैदानावर उभे राहून दुसऱ्या मैदानावरच्या गोलची खबर फोनवर घेणारा प्रेक्षक हा दोन सामने पाहत असतो.

पुढे चाल देण्याच्या प्रकाराबद्दल मात्र कठोर व्हावे लागेल. संघच आला नाही म्हणून प्रतिस्पर्ध्याला तीन गुण बहाल झाले की गुणतक्ता खोटा होतो, आणि त्या दिवशी मैदानावर आलेला प्रेक्षक पुन्हा येत नाही. पहिल्यांदा गैरहजर राहिल्यास अनामत जप्त करावी आणि दुसऱ्यांदा थेट खालची श्रेणी दाखवावी. बड्या संघाचा सामना अडचणीचा आहे म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बदलण्याची प्रथाही थांबली पाहिजे. पंच दोन्ही गावांबाहेरचे असावेत. चुरस वाढावी म्हणून कोणाला हात देणे आणि कोणाचे पाय ओढणे हे आयोजकांचे काम नव्हे. नियम एकदा ठरवून स्वतः बाजूला होणे एवढेच त्यांनी करायचे आहे.

हे सर्व पहिल्याच वर्षी जमेल असा माझा दावा नाही. आठ संघांची एकच श्रेणी घेऊन सुरुवात केली तरी चालेल, मात्र दुसऱ्या वर्षी खालची श्रेणी सुरू होईल आणि पहिल्या वर्षीचे तळाचे दोन संघ तिथे जातील, हे पहिल्या सामन्याच्या आधीच लेखी जाहीर झालेले असावे. दर रविवारी संध्याकाळी ताजा गुणतक्ता प्रत्येक मैदानाच्या फाटकावर फळ्यावर लिहिला जावा, त्यात गोलफरकाचा रकाना असावा, आणि पुढच्या फेरीत कोण कोणाशी कुठे खेळणार हे खाली नमूद असावे.

तिन्ही जिल्ह्यांच्या पदाधिकाऱ्यांनी गणेशोत्सवापूर्वी एकत्र बसून नियमावलीचा मसुदा करावा आणि तो संघचालकांबरोबरच प्रेक्षकांसमोरही ठेवावा. बैठक जळगावला ठेवल्यास सर्वांना सोयीचे होईल. प्रेक्षकांच्या वतीने कोणाला बोलवायचे असेल तर भुसावळहून आम्ही काही जण स्वखर्चाने यायला तयार आहोत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला विश्वासू,
भुसावळचा एक फुटबॉलप्रेमी